वस्तू ठेवणारे पांचाळदादा

पांचाळदादांचं काम नेमकं काय, हे त्यांच्या सख्ख्या भावालाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. भाऊ चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. दादाचं काय चाललंय असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, कॉम्प्युटरवर डिझाइनचं आहे काहीतरी. दादा स्वतः मात्र सरळ सांगायचे, "मी वस्तू ठेवतो."

आणि ते खरंच होतं. आमची कंपनी चिंचवडला, एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. परदेशातल्या एका मोठ्या गेमसाठी आम्ही नवे नवे प्रदेश बांधून द्यायचो. खेळणारा त्या प्रदेशात हिंडतो, शत्रूंशी लढतो आणि वाटेत सापडेल ते गोळा करतो. पेट्यांमधून नाणी, हत्यारं, रत्नं मिळतात, ती लूट. शिवाय इकडेतिकडे ठेवलेल्या बारीकसारीक वस्तू असतात, त्या एकेक करून जमवायच्या. कुठली वस्तू कुठं असावी हे ठरवणं दादांचं काम. ती तिथं आहे ना, हाती लागते ना, हे तपासणं माझं.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. डोंगरातल्या एका गावाचा प्रदेश तयार होत होता आणि त्यातल्या एका घरातला कंगवा मला काही केल्या सापडेना. मी तक्रार नोंदवली की वस्तू जागेवर नाही. थोड्या वेळानं एक पन्नाशीला टेकलेला माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी स्टीलची छोटी पट्टी. आमच्या त्या पोराटोरांच्या ऑफिसात ते कुणाचे तरी वडील भेटायला आल्यासारखे दिसायचे.

त्यांनी विचारलं, "तुझी आई कंगवा कुठं ठेवते?"

मी म्हटलं, आरशामागे. भिंत आणि आरसा यांच्यामधल्या फटीत.

"मग तिथं बघितलंस का?"

बघितलं. होता. दादा परत गेले. त्या दिवसापासून वस्तू सापडली नाही की मी तक्रार नोंदवायच्या आधी माझ्या आईला आठवून बघायची.

त्यांचे वडील पिंपरीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. दापोडीला रेल्वेच्या अंगाच्या गल्लीत दोन खोल्या होत्या आणि घरात सगळीकडे लाकडाचा भुसा असायचा, असं दादा सांगायचे. स्वतः ते आयटीआय करून टूलरूममध्ये लागले, मग ड्रॉइंगवर गेले, मग कॉम्प्युटरवर. कारखान्यांची कामं मंदावली तेव्हा कुणीतरी त्यांना आमच्याकडे आणलं. नटबोल्ट काढणारा हात तांब्याभांडी काढायला लागला एवढंच झालं, असं त्यांचं म्हणणं.

गेम खेळण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. लढाई सुरू झाली की वैतागायचे. प्रदेश तपासायचा असला की आधी सगळे शत्रू बंद करायला सांगायचे आणि मग त्या रिकाम्या गावातून सावकाश चालत हिंडायचे, पाठीशी हात बांधून हिंडावं तसे. एखादी वस्तू ठेवायची असली की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असायचा: हे इथं कुणी ठेवलं? नुसती चमकणारी अंगठी दगडावर टाकून दिलेली त्यांना चालत नसे. ती कुठल्या बाईची, तिनं ती का काढली, तेव्हा तिचे हात ओले होते का पिठाचे, हे समोरच्याला सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर वस्तू काढून टाकायचे. "वाटेत पडलेली वस्तू कुणीही उचलतं," म्हणायचे, "ठेवलेली वस्तू सापडली की माणूस भेटल्यासारखं होतं."

या सवयीनं कधी कधी पंचाईत व्हायची. माझे वडील रिटायर झाले तेव्हा आमच्या घरी सत्यनारायण होता. दादा आणि वहिनी आले होते. दादांनी दारात चपला काढल्या, एकदा वर बघितलं आणि आईला म्हणाले, घराची जादा किल्ली मीटरच्या पेटीत ठेवता ना, जागा बदला. आई पुढचे कितीतरी दिवस विचारत होती, तुझ्या ऑफिसात असली कशी माणसं आहेत गं. वहिनी मात्र तेव्हा खूप हसल्या होत्या. शुभांगीवहिनी बालवाडीत शिकवायच्या. मूळच्या मावळातल्या, पण बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकी. गावाकडची बोली बालवाडीतल्या मुलांच्या तोंडी बसू नये म्हणून त्यांनी ती लग्नानंतर ठरवून सोडली होती. मूलबाळ नव्हतं. पुनावळ्याला नव्या इमारतीत दोघांनी फ्लॅट घेतला होता, आणि त्या घरातली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असते याचं दादांना फार कौतुक होतं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा जेवणाच्या सुट्टीत दादांनी डबा उघडला आणि पोळ्यांच्या पुडात फडक्यात नीट गुंडाळलेला टीव्हीचा रिमोट निघाला. सगळे हसलो. दादाही हसले, म्हणाले, आज पोळी जरा कडक झाली आहे. नंतर एकदा भाजीच्या जागी साबणाची वडी होती. त्याहीवर कुणी तरी काही बोललं आणि विसरून गेलं. मग एक दिवस त्यांनी डबा उघडला आणि लगेच झाकण लावून बाजूला ठेवला. मी शेजारीच बसले होते, म्हणून मला दिसलं. वरच्या पुडात वहिनींचं मंगळसूत्र होतं, वेटोळं करून ठेवलेलं, खाली स्टीलचं रिकामं भांडं. त्या दिवशी दादा जेवले नाहीत.

संध्याकाळी जिन्यात मी त्यांना थांबवलं तेव्हा त्यांनी सांगितलं. वहिनींना डॉक्टरकडे दाखवून बरेच महिने झाले होते. विस्मरणाचाच आजार, या वयात सहसा होत नाही, पण होतो. आता तो वाढणार. घरात चष्मा पिठाच्या डब्यात असतो, दुधाची पिशवी कपाटात. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, वहिनी वस्तू लपवतात का. त्यांना ते आवडलं नाही.

"लपवत नाही गं ती," ते म्हणाले. "ठेवते. अगदी जपून ठेवते. फक्त कुठं, ते तिच्यापाशी राहत नाही."

त्याच सुमारास आमच्याकडे नवा प्रदेश आला. समुद्र कायमचा मागे हटलेला एक किनारा, मिठानं पांढरी पडलेली जमीन, कलंडलेल्या होड्या आणि माणसं सोडून गेलेलं एक गाव. इतकं मोठं काम आम्हांला पूर्वी मिळालं नव्हतं. पण यावेळी परदेशातून एक प्रोग्रामही आला होता. तो स्वतःच सगळ्या प्रदेशात वस्तू पसरायचा, अमुक अंतरावर एक पेटी, अमुक अंतरावर एक जमवायची वस्तू. कुठं खेळणारा कंटाळतो हे तो मोजायचा आणि नेमकं तिथं काहीतरी चमकतं टाकायचा. दुर्मीळ वस्तू तर खेळणाऱ्यानं खरे पैसे देऊन विकतच घ्यायच्या होत्या. आमचा टीमलीड सौरभ, पोरगा वाईट नव्हता, त्यानं मीटिंगमध्ये हे सगळं जरा खाली मान घालूनच सांगितलं.

दादा भांडतील असं आम्हांला वाटलं होतं. भांडले नाहीत. कंपनीच्या मेडिकल विम्यावर वहिनींचे उपचार चालले होते. त्यांनी इतकंच विचारलं, की गावाच्या टोकाला मिठागराच्या कडेला एक घर आहे, तेवढं हातानं लावू का. सौरभ लगेच हो म्हणाला. मला वाटतं, याहून जास्त काही मागितलं नाही म्हणून त्याला हायसं वाटलं असावं.

ते घर लावायला दादांना महिना लागला. माझ्याकडे तपासायला आलं तेव्हा मला काही कळेचना. बाकी घर साधं, नेटकं. पण तांदळाच्या मडक्यात एक कानातलं. चुलीत राखेवर घडी घालून ठेवलेला चष्मा. गोधडीच्या घडीत किल्ली. कोनाड्यातल्या दिव्याच्या जागी कांदा. पितळेचा एक पेला, तो उशीच्या अभ्र्यात. आईला आठवून काही उपयोग होईना. शेवटी मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, दादा, हे इथं कुणी ठेवलं?

ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठेवलंय कुणीतरी. तुला नाही कळलं तरी चालेल."

मी सगळं बरोबर आहे असं लिहून ते घर पुढं पाठवलं.

प्रदेश खेळणाऱ्यांसाठी खुला व्हायला थोडेच दिवस राहिले असताना वहिनी हरवल्या. दुपारची वेळ होती. त्यांच्याजवळ बसणाऱ्या मावशींचा डोळा लागला आणि दार उघडं राहिलं. दादांना फोन आला तसे ते उठले आणि पट्टी टेबलावरच विसरून निघाले. आम्ही चारपाच जण गाड्या घेऊन मागोमाग गेलो. कुणी हायवेच्या कडेनं शोधलं, कुणी बालवाडीत जाऊन आलं. मी दापोडीला त्यांच्या जुन्या गल्लीत गेले, लग्न होऊन त्या तिथं आल्या होत्या म्हणून. त्या खोल्यांच्या जागी आता दुकानं होती, आणि वहिनींना तिथं कुणी पाहिलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा दादा पोलीस चौकीत बसले होते. हवालदारानं चांगलं विचारलं, घाई केली नाही. नाव, वय, उंची. मग त्यानं विचारलं, अंगावर काय होतं. दादांना सांगता येईना. सकाळी त्यांनीच वहिनींना साडी नेसवली होती, निऱ्या धरल्या होत्या, आणि आता रंग आठवत नव्हता. ते पुन्हा पुन्हा डोळे मिटून बघत होते. हवालदार म्हणाला, राहू द्या काका, होतं असं. पण दादा त्या खुर्चीत असे बसून राहिले, की त्यांना बघणं मला जड गेलं.

दिवस कलताना फोन आला. आळंदीच्या बसस्टँडवरून एक कंडक्टर बोलत होता. वहिनींच्या पदराच्या आतल्या बाजूला दादांनी फोन नंबर शिवून ठेवला होता, तो त्याला दिसला. कुठल्या कुठल्या बस बदलून त्या आळंदीला पोचल्या होत्या आणि शेवटच्या स्टॉपवर उतरायला तयार नव्हत्या. शाळा सुटली आहे, घरी चालले आहे, एवढंच सांगत होत्या. कंडक्टरनं त्यांना खाली आणून आपल्याजवळ बाकावर बसवलं होतं आणि शेंगदाणे घेऊन दिले होते.

आम्ही पोचलो तेव्हा त्या एकेक शेंगदाणा सोलून साल पदरात ठेवत होत्या. साडी निळी होती. दादा समोर जाऊन उभे राहिले. वहिनींनी वर पाहिलं, जरा विचार केला, आणि ज्या बोलीत मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं त्या बोलीत म्हणाल्या, "आमच्या ह्यांना सांगा, मी हितंच हाय. वाट बघत आसत्याल."

"सांगतो," दादा म्हणाले. आणि त्यांच्या शेजारी बसले.

त्यानंतर ते ऑफिसात फारसे आले नाहीत. घरून काम करायची परवानगी मिळाली. प्रदेश खुला झाला, लोकांनी तो धडाधड खेळून काढला. कुठल्या पेटीत काय लूट आहे याच्या याद्या आणि व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडे झाले. टोकाच्या घराकडे फार कुणी फिरकलं नाही. तिथं नाणी नव्हती. एकानं तक्रार लिहिली, की या घरातल्या वस्तू चुकीच्या जागी पडल्या आहेत, कृपया दुरुस्त करा. मी दादांना ते वाचून दाखवलं, त्यांना राग येईल असं धरून. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

मी अधूनमधून पुनावळ्याला जायची. एकदा गेले तर वहिनी खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर टॅबलेट होता. पडद्यावर तेच घर. दादांनी सांगितलं, आधी नुसतंच दाखवलं होतं. वहिनींनी पेल्याला बोट लावलं आणि गेमच्या नियमाप्रमाणं पेला उचलला जाऊन पिशवीत गेला, म्हणजे पडद्यावरून नाहीसा झाला. त्याबरोबर त्या घाबरल्या. "आमी न्हाई घेतला, आमी न्हाई घेतला," असं म्हणत रडायला लागल्या. त्यांना शांत करायला तासभर लागला.

मग दादांनी त्यांच्यासाठी ते घर वेगळं करून घेतलं. त्यातली पिशवी काढून टाकली. आता वस्तूला बोट लावलं की ती हातात यायची, आणि दुसरीकडे बोट लावलं की तिथं ठेवली जायची. काही नाहीसं होत नव्हतं, काही मिळतही नव्हतं. मी बसले होते तेवढा वेळ वहिनी पेला कोनाड्यात ठेवत होत्या, तिथून चुलीशी नेत होत्या, पुन्हा कोनाड्यात आणत होत्या. प्रत्येक वेळी ठेवून झाला की त्या जरा मागे सरून बघायच्या, तो नीट बसलाय का. त्यांचा चेहरा मुलांना घरी पाठवून वर्ग आवरणाऱ्या बाईंचा होता. दादा पलीकडे भाजी निवडत होते. म्हणाले, "आताशा घरातल्या वस्तू कमी हलवते. पण मला चुकल्याचुकल्यासारखं होतं."

पावसाळ्यानंतर त्या प्रोग्रामचंच काम वाढत गेलं आणि माणसांचं कमी होत गेलं. जी नावं वगळली त्यांत दादांचं होतं. त्यांनी निरोपाला येणं टाळलं, त्यांची पट्टी मीच पोचवली. पुढच्या एका बदलात किनाऱ्यावरचं ते घरही काढून टाकलं. फोनवर गेम अडखळतो म्हणून काही भाग हलके करायचे होते, आणि त्या घरात कुणी जातच नव्हतं. आता तिथं नुसतं मीठ आहे. दादांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की वहिनींच्या टॅबलेटमधलं राहील ना. राहील म्हटल्यावर पुन्हा तो विषय काढला नाही.

थंडीत वहिनींना न्यूमोनिया झाला. शेवटचे दिवस त्या दादांना ओळखत नव्हत्या, पण दादांनी हात धरला की सोडत नव्हत्या. गेल्या तेव्हा आम्ही ऑफिसातले सगळे गेलो होतो. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होता.

तेराव्यानंतर दादांच्या भावजयीनं घर एकदा स्वच्छ आवरून द्यायचं म्हटलं. दादांनी हात लावू दिला नाही. तिला वाईट वाटलं. मला फोन करून म्हणाली, तुमचं ऐकतात, तुम्ही सांगून बघा, डबे तरी घासू द्या. मी गेले, पण सांगायची वेळ आली नाही. दादा स्वतःच बोलले. आदल्या आठवड्यात साखर काढताना त्यांना डब्याच्या तळाशी बालवाडीतला खडूचा तुकडा मिळाला होता. त्याआधी स्वेटर झटकला तर बाहीतून बांगडी पडली. प्रत्येक वेळी, म्हणाले, ती आत्ता ठेवून गेली असं वाटतं.

"मी शोधत नाही आता," ते म्हणाले. "सगळं शोधून काढलं तर मग काय उरलं?"

मी त्यांचा चहा पिऊन निघाले. साखर काढताना ते डब्यात चमचा फार वरवर फिरवतात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

वर्षभरानं भावानं त्यांना आपल्याजवळ चाकणला न्यायचं ठरवलं. एकटे नीट जेवत नव्हते. फ्लॅट भाड्यानं द्यायचा, सामान हलवायचं. सुट्टीचा दिवस होता म्हणून मीही गेले. भांडी, गाद्या, कपाट आधीच खाली गेलं होतं. दादांनी प्रत्येक डबा झाकणासकट चिकटपट्टी लावून बंद केला होता, एकही रिकामा केला नव्हता. शेवटी हॉलमधला जुना सोफा राहिला. टेम्पोवाल्या दोघांनी तो उचलला आणि जिन्याच्या वळणावर उभा केला, तशी आत कुठंतरी एक बारीक वस्तू घरंगळली. कापडाच्या आत, फळीवरून, टणटण करत या टोकाहून त्या टोकाला.

ते दोघं थांबले. पुढचा म्हणाला, काका, आत काहीतरी हाय, अस्तर उसवून काढून देऊ का, पाच मिंटाचं काम.

भाऊ म्हणाला, हो हो, काढा, दागिना असेल एखादा.

दादा वरच्या पायरीवर उभे होते. ते दोन पायऱ्या खाली आले, सोफ्याला हात लावला. कान देऊन ऐकत असावेत असे थोडा वेळ उभे राहिले.

"राहू दे," दादा म्हणाले. "जरा आडवा धरून न्या."

खाली टेम्पोत सोफा चढवला. भावानं त्यांना पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला सांगितलं, उन्हाचं मागं कुठं बसता म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. मागच्या फळकुटावर पाय देऊन ते वर चढले, गाद्या आणि डबे ओलांडत सोफ्यापर्यंत गेले आणि त्याच्या एका टोकाला बसले. टेम्पो सोसायटीच्या गेटमधल्या गतिरोधकावरून गेला तेव्हा मागचं सगळं सामान उडालं. दादांनी एक हात सोफ्यावर दाबून धरला आणि मान तिकडे कलती केली. मग टेम्पो हायवेकडे वळला.